कडेला काय चाललंय?

‘प्रोग्रेसिव्ह चष्मा’ म्हटलं की वाटतं, नाकावर एखादी पुरोगामी चळवळच येऊन बसणार. प्रत्यक्षात हा मोठा सनातनी गृहस्थ! वर लांबचं, खाली जवळचं आणि दोहोंना जोडणारा एक अरुंद बोळ, एवढंच जग त्याला मान्य. बोळाच्या दोन्ही अंगांना सगळं पातळ पिठल्यासारखं. डहाणूच्या चिकूवाड्यांतून चालताना दोन्हीकडची झाडं मला लवून मुजरा करतात. इतका मान सासुरवाडीलाही मिळाला नव्हता. ‘डोळे नाही, मान हलवा,’ असं चष्मेवाल्याने बजावल्यापासून मी घरातही सारखी मान हलवतो, आणि सौभाग्यवतींना तो होकार वाटतो.

यात कारागिराचा दोष नाही. बर्नार मेतेनाझ यांची ही काच फ्रान्समध्ये १९५९ साली बाजारात आली. पुढे १९६३ साली मिंकविट्झ यांनी गणिताने दाखवलं, की मधल्या वाटेवर नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या दुप्पट वेगाने वाटेच्या बाजूंना विकृती वाढते. म्हणजे मध्य हवा, तर कडेचा बळी द्या!

हा चष्मा लावून मी गंजाडला एका घरी वारली चित्र पाहिलं आणि चष्म्याची पंचाईत झाली. एका जागी उभं राहून भागेना. बोळ सरकवत सरकवत, नाक भिंतीला लावून चित्र वाचावं लागलं. तेव्हा कळलं, की या चित्राला दुय्यम जागाच नाही. तारप्याभोवती नाचणारे जितके नेटके, तितकीच कोपऱ्यातली मुंग्यांची रांग. जवळचा मोठा, लांबचा लहान असा पंक्तिभेद नाही. लग्नाच्या चौकात पालघट देवी मधोमध बसते हे खरं, पण भोवतीच्या झाडांची पानंही त्याच तांदळाच्या पिठाने, त्याच निगुतीने काढलेली. याच गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रातलं मासे धरायचं जाळं पाहा. ते कुठल्याही टोकाकडून पाहायला सुरुवात करावी!

आम्ही शहाण्यांनी मात्र त्यातला तारपा तेवढा उचलला, कपावर, पडद्यावर, साडीच्या पदरावर छापला आणि मुंग्या गाळून टाकल्या. ही चित्रकला नव्हे, ही चष्म्याची काच झाली.

माणसांचंही तेच. तलासरी महाराष्ट्राच्या नकाशाच्या अगदी कडेला, गुजरातला खेटून. तिथल्या झरी गावी १९४५ साली हजारो वारली जमले आणि ‘वेठबिगार करणार नाही’ म्हणाले. त्यांच्याबरोबर गोदावरी परुळेकर होत्या. तोवर कित्येक वर्षं ही माणसं जमीनदारांच्या शेतांवर राबतच होती, पण मध्यावर बसलेल्यांना ती धूसर दिसत होती.

चष्मेवाला धीर देतो, की पंधरवड्यात सवय होईल. काच बदलत नाही. मेंदूच कडेकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

मला भीती आहे ती त्या सवयीचीच.