खरोशाचा जांभा आणि चित्रातील पाषाणपोत

लातूर जिल्ह्यातील खरोशाची लेणी जांभ्यात कोरलेली आहेत. हा दगड सच्छिद्र. त्यात बारीक नक्षी टिकत नाही. म्हणून शिल्पकाराला ठसठशीत आकारांचाच आश्रय घ्यावा लागतो. याउलट, नांदेड जिल्ह्यातील होट्टलच्या चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिरावर नाजूक मूर्तिकाम आढळते. तात्पर्य, पोत म्हणजे द्रव्याने कलावंताला घातलेली मर्यादा होय. मोहन सामंत (१९२४–२००४) यांनी रंगात वाळू मिसळून जाड थर दिले. ते थर आकृतीलाच घडवितात, म्हणून पटतात. परंतु आकृती आधी रेखून तीवर चुनावाळूचा खरबरीत लेप चढविणारी मिश्रमाध्यमी चित्रे पाषाणाचे केवळ कातडे पांघरतात. त्याचा स्वभाव त्यांत उतरत नाही. मराठवाड्यातील चित्रकाराने जांभ्याची छिद्रे चितारण्यापूर्वी त्याचा संयम शिकावा, असे आम्हांस वाटते.