दोन आजोबा आणि एक कत्तलखाना

भयपटाचे नाव काढले की आपल्या घरांत दोन तट पडतात. तरुण मंडळींना तो दिवे मालवून पाहायचा असतो. वडीलधाऱ्यांच्या मते तो वेळेचा शुद्ध अपव्यय असतो. टोबी हूपर या दिग्दर्शकाचा 'द टेक्सास चेन सॉ मॅसॅकर' (१९७४) हा चित्रपट दोन्ही तटांना थोडे अडचणीत आणणारा आहे.

कथानक चार ओळींचे. टेक्सासच्या ग्रामीण भागात थडगी उकरली जात असल्याची बातमी येते. सॅली आणि चाकाच्या खुर्चीतला तिचा भाऊ फ्रँकलिन आजोबांचे थडगे शाबूत आहे ना, हे पाहायला तीन मित्रमैत्रिणींसह निघतात. पुढे आजोबांचे ओसाड घर पाहायचे, ओढ्यावर डुंबायचे, असा सहलीचा बेत. वाटेत पेट्रोल मिळत नाही. शेजारच्या घरी मागायला गेलेले परतत नाहीत. त्यांना शोधायला गेलेलेही परतत नाहीत. माणसाच्या कातड्याचा मुखवटा घातलेला, हाती यांत्रिक करवत घेतलेला एक धिप्पाड माणूस तिथे आपल्या कुटुंबासह राहत असतो. अखेर उरते एकटी सॅली.

सुमारे १ लाख ४० हजार डॉलरमध्ये, १६ मिलिमीटरच्या फिल्मवर, १९७३ च्या कडक उन्हाळ्यात हे चित्रण झाले. नाव ऐकून रक्ताच्या चिळकांड्या अपेक्षिणाऱ्यांची मात्र निराशा होते. एका मुलीला मांसाच्या आकड्याला अडकवले जाते. आकडा शरीरात शिरताना दिसत नाही. दिसतो तिचा चेहरा आणि खाली ठेवलेले घमेले. उरलेले काम आपली कल्पनाशक्ती करते. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मध्ये (१९८४) शाप असतो, सामरी नावाचा सैतान असतो. त्याला उतारा तरी असतो. इथे यातले काहीच नाही. भर दुपार आहे आणि माणसे आहेत.

पण माझ्या मते या चित्रपटाचे मर्म आरंभीच्या एका संभाषणात आहे. पोरे वाटेत एका विचित्र तरुणाला गाडीत घेतात. जुन्या कत्तलखान्याचा विषय निघतो, तेव्हा तो सांगतो, पूर्वी जनावरे घणाने मारीत. आता हवेच्या दाबाची बंदूक आली आणि माणसे कामावरून गेली. त्याचे सारे घराणे याच धंद्यातले. आणि फ्रँकलिनचे आजोबा आपली गुरे तिथेच विकत! म्हणजे एका आजोबांची गुरे आणि दुसऱ्या आजोबांचा घण, असा हा जुना व्यवहार आहे. नातवंडांना त्याचा पत्ता नाही. पुढे पहिला तरुण त्या घराच्या दारात डोक्यावर घाव बसून कोसळतो, त्याचे पाय झडतात आणि लोखंडी दार धाडकन बंद होते. तो घाव आपल्याला ओळखीचा वाटतो, कारण त्याचे वर्णन आपण गाडीतच ऐकलेले असते. शेवटी थरथरत्या म्हाताऱ्या आजोबांच्या हाती सॅलीला मारण्यासाठी घण दिला जातो आणि तो पुनःपुन्हा निसटतो. हा प्रसंग भीषण आहे, तसाच केविलवाणाही आहे.

सत्यकथा म्हणून या चित्रपटाची जाहिरात झाली. वस्तुतः विस्कॉन्सिनमध्ये १९५७ साली उघडकीस आलेल्या एड गीन प्रकरणाचा त्याला पुसट आधार आहे. ते कुटुंब आणि तो कत्तलखाना ही किम हेंकेल व हूपर या लेखकांची भर. म्हणूनच तिचा जाब त्यांना विचारायला हवा.

माझा आक्षेप इथेच आहे. माणसांचे काम यंत्राने हिरावले, हे चित्रपटाला दिसते; पण ते दुःख तो राक्षसांच्या तोंडी घालतो. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून गावी परतलेली माणसे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. त्यांनी भाजी विकली, रखवाली केली, काही नुसती ओट्यावर बसून राहिली. काम गेलेला माणूस बहुधा स्वतःलाच पोखरतो. शेजाऱ्यावर घण उगारीत नाही. हूपरच्या बेकारांना हा साधा न्याय मिळालेला नाही.

तरीही शेवटचे दृश्य विसरता येत नाही. रक्ताने माखलेली सॅली एका गाडीच्या मागल्या हौद्यात बसून निसटते. ती हसते आहे की रडते आहे, कळत नाही. मागे उगवत्या सूर्यासमोर तो मुखवट्यातला माणूस करवत गरागरा फिरवीत राहतो. कापायला समोर कोणी नाही. लहानांना हा चित्रपट दाखवू नये. मोठ्यांनी पाहावा आणि गाडीतले ते संभाषण नीट कान देऊन ऐकावे.