यंत्राचे दोषही यंत्रच असतात का?

मंडळी, आज आपण एका छंदाची समीक्षा करू. जुन्या घरगुती संगणकासारखा हुबेहूब वागणारा प्रोग्रॅम, म्हणजे इम्युलेटर, फावल्या वेळात लिहिणारे लोक जगभर आहेत. उदाहरण घेऊ ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेल्या सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमचं. झेड८० प्रोसेसर, वेग ३.५ मेगाहर्ट्‌झ, रॉम १६ केबी, रॅम १६ किंवा ४८ केबी.

वाट ठरलेली असते. प्रोसेसरच्या आज्ञा एकेक करून लिहायच्या, रॉम जोडायची. पडद्याच्या तळाशी सिंक्लेअरची कॉपीराइटची ओळ उमटली, की माणूस हरखतो. हरखावंच. पण तिथेच जो थांबतो, त्याच्याशी आपलं भांडण आहे.

का ते पाहू. या संगणकात पडद्यावरचं चित्र यूएलए नावाची चिप काढते. चित्र असतं रॅमच्या पहिल्या १६ केबीत. चिप ते वाचत असताना प्रोसेसर त्याच भागात गेला, तर त्याला ताटकळावं लागतं. तसा हा दोषच. पण त्या काळचे प्रोग्रॅमर दोष धरूनच हिशेब करत. एका फ्रेमला ६९,८८८ ठोके. १९८३च्या 'अ‍ॅक्वाप्लेन' या खेळात क्षितिजाची रेघ चित्राबाहेरच्या कडेवरही पुढे जाते, कारण कडेचा रंग नेमक्या ठोक्याला बदलला जातो. हिशेब चुकला, की रेघ जुळत नाही.

मग मूळ यंत्र कशाला म्हणायचं? झायलॉगच्या पुस्तिकेत फ्लॅग रजिस्टरच्या ३ आणि ५ क्रमांकाच्या बिटांना काही अर्थ दिलेला नाही. चिपमध्ये मात्र ते बिट ठरावीक रीतीने बदलतात. पुस्तिका हे लक्षण, चिप हे लक्ष्य. लक्षण लक्ष्याला पुरेसं पडत नाही, तेव्हा न्यायशास्त्र त्याला अव्याप्ती म्हणतं. केवळ पुस्तिका वाचून लिहिलेल्या इम्युलेटरमध्ये हाच दोष राहतो.

कुणी विचारील, आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग, शेजारच्या चित्राचे रंग एकमेकांत घुसतात, ते सुधारलं तर काय बिघडलं? टेपवरून खेळ चढायला चार-पाच मिनिटं लागत, ती वाचवली तर? सोय म्हणून जरूर द्यावी. पण ती वेगळ्या बटणावर असावी, आणि मूळ वागणूक शाबूत राहावी. कारण त्या चिपा एकेक करून निकामी होणारच. शेवटची बंद पडल्यावर हा संगणक कसा वागत होता, हे विचारायला इम्युलेटरच उरेल. त्याने तेव्हा सुधारलेली साक्ष दिली, तर ती खोडून काढायला मूळ यंत्र नसेल.

म्हणून छंद असला तरी जबाबदारी हौशी नाही. इथे थांबू, प्रश्न घेऊ.