नदीखोऱ्यातील भूमी उपयोजनाचे पूर्वानुमान : एक चिकित्सा

सुदूर संवेदन व भौगोलिक माहिती प्रणालीच्या साहाय्याने नदीखोऱ्याच्या भावी भूमी उपयोजनाचे नकाशे तयार करताना मार्कोव्ह साखळीचा वापर रूढ झाला आहे. दोन कालखंडांमधील बदलाची संभाव्यता पुढेही स्थिर राहील, हे या पद्धतीचे मूलभूत गृहीतक होय. मुळा-मुठा खोऱ्यात ते टिकणे कठीण आहे. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. अशा प्रशासकीय निर्णयांची चाहूल जुन्या उपग्रह प्रतिमांत लागत नाही. शिवाय अल्पकाळात खोऱ्यातील बहुतांश भूमी बदलतच नसल्याने कप्पा निर्देशांक उच्च येतो व त्यालाच अचूकता मानले जाते. 'काहीच बदलणार नाही' असे मानणाऱ्या नकाशाशी तुलना केल्याविना असे पूर्वानुमान पूरनियोजनासाठी स्वीकारणे धोक्याचे ठरते.