दोन पुस्तकांमधली रिकामी जागा

रविवारची मिस्सा आटोपल्यावर महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने मला विचारले, “फादर, सध्या तुम्ही काय वाचता?” मी चटकन एका आध्यात्मिक ग्रंथाचे नाव सांगितले. ते पुस्तक माझ्या टेबलावर होते, हे खरे. परंतु गेले तीन महिने माझ्या उशाशी दोन निराळीच पुस्तके होती. तिला अर्धवट उत्तर दिल्याची रुखरुख मनात राहिली. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उरलेला भाग होय.

माझी वाचनाची रीत साधी आहे. पहाटेची प्रार्थना झाली की अर्धा तास पुस्तकासाठी राखून ठेवायचा, हाती पेन्सिल असू द्यायची आणि आवडलेले पुस्तक वर्षभरात पुन्हा एकदा वाचायचे. पहिल्या वाचनात आपण लेखकाला पारखतो. दुसऱ्या वाचनात तो आपल्याला पारखतो, असा माझा अनुभव आहे. संत इग्नेशियस यांचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत जायबंदी होऊन अंथरुणाला खिळले असताना त्यांनी मागितल्या होत्या शूरवीरांच्या कथा. घरात होती ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. मागितले एक आणि वाचायला मिळाले दुसरेच. त्यातून एका सरदाराचे जीवन पालटले.

माझ्या उशाशी असलेली दोन्ही पुस्तके जुनी आहेत आणि दोन्हींचे नाते आपल्या नगर जिल्ह्याशी, म्हणजे आजच्या अहिल्यानगरशी, आहे. पहिले लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. दुसरे दया पवारांचे १९७८ सालचे ‘बलुतं’. पवार अकोले तालुक्यातील धामणगावचे. एक पुस्तक सोवळ्यात वाढलेल्या ब्राह्मण स्त्रीचे, दुसरे महारवाड्यात जन्मलेल्या मुलाचे. ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, असे मला पूर्वी कधी सुचले नव्हते.

‘स्मृतिचित्रे’विषयी आपल्या सभासंमेलनांतून पुष्कळ बोलले जाते, पण बहुधा ते धर्मांतराची कहाणी म्हणून. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. टिळक दांपत्य अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे आपल्या कॅथलिक मंडळीतले नव्हे. तरीही त्यांना आपण हक्काने आपले म्हणतो. मात्र या ग्रंथाचे खरे सामर्थ्य मला धर्मांतरात दिसत नाही. ते दिसते लक्ष्मीबाईंच्या निर्भय प्रांजळपणात. पतीची कविप्रतिभा आणि ईश्वरनिष्ठा त्या जितक्या आदराने सांगतात, तितक्याच मोकळेपणाने त्यांचा संताप, त्यांचा विसराळूपणा आणि घरात उद्याची भ्रांत असताना हातचे देऊन टाकण्याची त्यांची सवयही सांगतात. स्वतःच्या सोवळ्याची तर त्या थट्टाच करतात. टिळक त्यामुळे लहान होत नाहीत. उलट, संत होऊ पाहणारा माणूस घरात कसा वागत असेल, हे आपल्याला कळते. चरित्रनायकाला पहिल्या पानापासूनच वेदीवर बसवणाऱ्या आमच्या चरित्रलेखकांनी हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या ग्रंथालाही मर्यादा आहे. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आलेली. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात ही माणसे भेटतात ती शेजारी, मदतनीस किंवा आश्रयाला आलेली मुले म्हणून. त्यांच्याविषयी लेखिकेला माया आहे; परंतु त्यांच्या डोळ्यांतून जग कसे दिसत होते, हे त्या सांगू शकत नाहीत आणि तसा आवही आणत नाहीत.

‘बलुतं’ ती दृष्टी देते. शिकलासवरलेला दया पवार आणि त्याच्याच अंतरात दडलेला दगडू मारुती पवार एकमेकांशी बोलत आहेत, अशी या आत्मकथनाची मांडणी आहे. गावाने टाकलेला वाटा, मुंबईतला कावाखाना, घरातली लाज यांतले काहीच लेखक झाकत नाही. या पुस्तकातली काही पाने धर्मगुरूला अवघडून टाकणारी आहेत. सेमिनरीत असताना मी ती घाईघाईने उलटली होती. या वेळी थांबून वाचली. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी सगळे सांगून टाकणाऱ्या माणसाची आठवण झाली. असा माणूस समोर आला की ऐकणाऱ्यालाच आपली मान खाली घालावीशी वाटते.

या दोन पुस्तकांच्या मधे मला एक जागा रिकामी दिसते. गावकुसाबाहेरून येऊन ख्रिस्ती झालेल्या आमच्या पणजोबा-पणजींचे पुस्तक तिथे हवे होते. टिळकांचे धर्मांतर म्हणजे सदसद्विवेकबुद्धीचा लढा, हे सर्वांना मान्य आहे. आमच्या पूर्वजांविषयी मात्र ‘दुष्काळात पोटासाठी बाटले’ एवढ्या तीन शब्दांत निकाल लागतो. तो टोमणा आमच्या मुलांनी शाळेत ऐकलेला आहे. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ खरा होता, भूकही खरी होती. पण भुकेल्या माणसाला अंतःकरण नसते, असे कोणी सांगितले? प्रभू येशूने पाच हजारांना भाकरी दिली, तेव्हा त्यांना आधी त्यांची भूक लपवायला सांगितले नव्हते.

येथे मला माझाच अपराध सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामाच्या स्मरणिकेसाठी मी एका वृद्ध आजींकडून त्यांच्या आजेसासऱ्यांच्या बाप्तिस्म्याची हकिकत लिहून घेतली. दुष्काळात ते मिशनच्या दारात ज्वारी मागायला गेले होते. फादरांनी ज्वारी दिली आणि आपल्याच लोट्यातून त्यांना पाणीही पाजले. आजी म्हणाल्या, “जवारी आठ दिसांत सरली, पर त्या लोट्याचं पानी अजून सरलं न्हाई.” छापताना मी ज्वारी गाळली, लोटाही गाळला आणि लिहिले, ‘प्रभूच्या प्रेमाने आकृष्ट होऊन त्यांनी श्रद्धा स्वीकारली.’ टोमणे मारणाऱ्यांच्या हाती कोलीत नको, असा माझा हेतू होता. स्मरणिका निघाली. आजींनी नातीकडून मजकूर वाचून घेतला आणि मला विचारले, “फादर, हे कुनाचं हाय?”

त्या प्रश्नाला उत्तर देणे मला तेव्हा जमले नाही. लक्ष्मीबाई आणि दया पवार यांनी ते मला आता दिले आहे. लाजेखातर गाळलेले सत्य विरोधकाच्या हाती शस्त्र होऊन उरते. ते आपणच सांगितले तर तो आपला वारसा होतो. आमच्या धार्मिक नियतकालिकांना मोठी परंपरा आहे. फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ सुरू केला तो १९०३ साली. असे असूनही आमच्या लेखनात उपदेश पुष्कळ आणि आठवण थोडी. या दोषात माझाही वाटा आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. घरी उरतात म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे. त्या लांब संध्याकाळी नातवंडाने वही घ्यावी आणि आजीने सांगावे. जसे सांगेल तसेच लिहावे. भाषा सुधारू नये, भूक गाळू नये. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आमच्या पूर्वजांची नावे आहेत आणि तारखा आहेत. त्यांचा आवाज मात्र त्या वह्यांतून उमटणार आहे.

मला प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला मी ही दोन्ही पुस्तके वाचायला दिली आहेत आणि त्यांच्यासोबत एक कोरी वहीही. आजींची हकिकत मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर पुन्हा लिहून काढली आहे. तीत ज्वारी आहे आणि लोटाही आहे.