ओसरीचे श्रेय, माजघराचे काम

आपल्या बृहन्महाराष्ट्रातील स्मरणिका, दिवाळी अंक आणि मंडळांची नियतकालिके चाळली, तर एक लेखनप्रकार हटकून भेटतो. त्याला 'वाड्याच्या आठवणी' म्हणावे. इंदूर असो, ग्वाल्हेर असो, बडोदे असो वा बेळगाव, लेखाचा साचा सहसा एकच. आजोबांची ओसरी, तिथला झोपाळा, गादी-तक्क्यांची बैठक, पानाचे तबक, संध्याकाळी जमणारी मंडळी, बुद्धिबळाचा डाव, कधी गाणे, कधी कीर्तन, आणि शेवटी वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीविषयी दोन खंतावलेली वाक्ये. या लेखनाची थट्टा करण्याचा हेतू नाही. आपल्या पूर्वजांनी परक्या मुलखात घर कसे उभारले, पाहुण्याचे आगतस्वागत कसे केले आणि फावला वेळ कसा घालवला, याची दुसरी नोंद बहुधा कोठेच नाही. इतिहासकारांना राजवाड्यातून सवड मिळत नाही. सामान्य कारकुनाच्या किंवा शास्त्रीबुवांच्या घरातील बैठकीची हकीकत या आठवणींतूनच कळते.

तथापि या लेखनातून एक समज रूढ होत आला आहे, आणि तो तपासून पाहावा असे वाटते. तो असा की, आपले मराठीपण टिकले ते ओसरीमुळे. ओसरी गेली, तिच्याबरोबर गप्पांची संस्कृती गेली आणि भाषाही चालली. ऐकायला हे पटते. परंतु घराची जुनी रचना आणि तिच्याविषयीचे आपले साहित्य एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, तर या समजाचा अर्धा भाग गळून पडतो.

प्रथम रचना पाहू. ओटा, ओसरी किंवा पडवी, चौक, सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, परसदार हा जुन्या घराचा क्रम. प्रांतागणिक नावे बदलतात. गोव्यातील हिंदू घरात मधल्या चौकाला राजांगण म्हणतात, तर तेथील ख्रिस्ती घरांपुढे समोरासमोर बाके असलेला बल्कांव असतो. बेळगावकडे सोपा आणि कट्टा हे शब्द चालतात. विदर्भात झोपाळ्याला बंगई म्हणतात. बडोद्यात तर गुजराती शेजाराच्या हिंचक्याने आपल्या झोपाळ्याला चांगली सोबत दिली. नावे निराळी असली तरी तत्त्व एकच होते. बाहेरून आत जाणारी प्रत्येक पायरी म्हणजे ओळखीची एकेक पायरी. कोणाला ओट्यावरच उभे ठेवायचे, कोणाला ओसरीवर बसवायचे, कोणाला सोप्यात घ्यायचे आणि कोणाचे पान आत मांडायचे, हे घराच्या आराखड्यातच ठरलेले असे. त्यात आपलेपणा होता तशी जातही होती. आठवणी लिहिणाऱ्यांना झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज आठवतो. पायरीखाली उभा राहून काम सांगणारा माणूस मात्र क्वचितच आठवतो.

दुसरी गोष्ट करमणुकीची. ओसरीवर सोंगट्या होत्या, बुद्धिबळ होते, पत्ते होते. काही घरांत गंजिफाही असत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा पाने, अशी एकशे वीस पाने असतात. असा डाव मांडायचा तर जागाही ऐसपैस हवी आणि वेळही. हा वेळ होता पुरुषांचा. त्याच वेळी माजघरात दुसरे जग चालू असे. सागरगोटे, काचापाणी, श्रावणातल्या मंगळागौरीची जागरणे, झिम्मा, फुगड्या, आश्विनातला भोंडला किंवा हादगा, वऱ्हाड-खानदेशाकडून आलेल्या घरांत भुलाबाई. या खेळांना वेगळी खोली नव्हती, वेगळे सामानही नव्हते. दुपारी भांडीकुंडी आवरून झाल्यावर जी जमीन मोकळी राही तीच त्यांची जागा, आणि जो वेळ उरे तोच त्यांचा वेळ.

आता भाषेचा प्रश्न. आपण दीडदोनशे वर्षे, काही घराणी त्याहूनही अधिक काळ, दुसऱ्या भाषांच्या शेजारात राहत आलो आहोत. ओसरीवर येणारा माणूस हा दरबाराचा, कचेरीचा, बाजाराचा. त्याच्याशी बोलताना इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी, हैदराबादेत उर्दू, बडोद्यात गुजराती, बेळगावात कानडी यायचीच. त्यात गैर काही नव्हते. तो व्यवहार होता आणि त्यातून मने मोठी झाली. पण मग मराठी टिकली कोठे? आज आपल्या घरांतील तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या तोंडी जे मराठी शब्द बिनचूक उरले आहेत ते पाहावेत. ते स्वयंपाकाचे आहेत, सणावारांचे आहेत, नात्यांचे आहेत, रागावण्याचे आणि लाडाचे आहेत. कायदा, हिशेब, जमीनजुमला, राजकारण यांविषयी बोलू लागलो की आपली वाक्ये निम्मी शेजारच्या भाषेत जातात. शब्द कोणत्या खोलीत राखले गेले, हे त्यांच्या यादीवरूनच कळते. ओसरीने आपल्याला प्रतिष्ठा दिली, ओळखी दिल्या, गाणे दिले. भाषा मात्र माजघराने सांभाळली आणि श्रेय ओसरीला मिळाले.

असे का झाले, याचे उत्तर लेखनाच्या इतिहासात आहे. आठवणी लिहिणारे बहुतेक ओसरीवर वाढलेले. माजघरातून लिहिणाऱ्या थोड्या, पण ज्यांनी लिहिले त्यांनी घराचा निराळाच नकाशा दाखविला. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. वाचनाची जागा माडीवर आणि त्या वाचनाची किंमत मोजण्याची जागा खाली, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांमध्ये, असे ते घर आहे. जिना हा तिथे केवळ जिना राहत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने आली. त्यांत पाहुणा हा विषय पानोपानी आहे, पण तो चुलीच्या बाजूने दिसतो. अवचित आलेल्या माणसाला काय वाढायचे, हा तिथला खरा प्रश्न आहे, आणि लक्ष्मीबाई तो हसत हसत सांगतात म्हणून त्याचे वजन कमी होत नाही. वाड्याच्या आठवणींतला पाहुणा बोलतो, हसतो, पान खातो आणि जातो. लक्ष्मीबाईंचा पाहुणा जेवतो. हा फरक लहान नाही.

माजघराचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. तिथे सोवळे होते, सासुरवास होता, विधवेला नेमून दिलेला कोपरा होता. रमाबाईंना बोलणी बसली ती ओसरीवरून नव्हे, तर माजघरातूनच. सांगायचे एवढेच की, ज्या जागेने काम केले तिची नोंद व्हावी, आणि ती नोंद तिच्या काळोखासकट व्हावी.

ओसरीच्या पुढची अवस्था म्हणजे दिवाणखाना. इथे घर हे बसण्याइतकेच दाखविण्याचेही ठिकाण झाले. बडोद्यातील तांबेकरांचा वाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे सांगावे लागणार नाही. १८४९ ते १८५४ या काळात बडोदे संस्थानचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा. त्याच्या भिंतींवर पुराणांतील प्रसंगांच्या शेजारी मराठ्यांची युद्धे आणि चक्क गोरे साहेब व मडमाही रंगविलेल्या आहेत. परक्या मुलखात वैभवाला आलेल्या मराठी घराला स्वतःविषयी काय सांगावेसे वाटले, ते या भिंती सांगतात. आमचे देव, आमचा पराक्रम, आणि आमचे नव्या जगाशी असलेले परिचय. आजच्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात मांडलेल्या परदेशच्या वस्तू आणि मुलांची सन्मानचिन्हे याहून काही वेगळे सांगत नाहीत. फक्त तांबेकरांच्या चिताऱ्याचा हात अधिक चांगला होता.

मराठी रंगभूमीने या खोलीला आपले मुख्य नेपथ्यच करून टाकले. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणले. नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी लिहिलेल्या या नाटकात रंगविलेले पडदे जाऊन खऱ्या खोलीसारखी खोली आली, आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. गोव्यात जन्मलेल्या ज्योत्स्ना भोळे त्यांपैकी एक. नाट्येतिहासात हा प्रसंग वास्तववादाची नांदी म्हणून सांगितला जातो. घराच्या इतिहासातही तो महत्त्वाचा आहे. त्या काळी अनेक घरांत परका पुरुष बसलेला असताना सून बाहेर येऊन खुर्चीवर बसत नसे. रंगमंचावर ती बसली, आणि तोंड वर करून बोलली. पुढे साठ-सत्तर वर्षे 'दिवाणखानी नाटक' हा शब्द टीकाकारांनी हिणवण्यासाठी वापरला. सोफा, टेलिफोन, जिना, चहाचा ट्रे यांत नाटक अडकले ही तक्रार खरीच होती. परंतु त्या सोफ्यावर कोण बसले, याकडे टीकाकारांनी पुरेसे पाहिले नाही.

याच रंगभूमीने पुढे या खोलीचे दोन शेवटही दाखविले. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'मध्ये मुले दूर गेलेले वृद्ध जोडपे घरात कोणी यावे म्हणून आसुसलेले आहे. बसायला जागा आहे, करायला माणसे आहेत, येणारे कोणी नाही. आपल्या वसाहतींतील कित्येक घरांची आज हीच अवस्था आहे आणि म्हणून हे नाटक आपल्याकडे नेहमीच अंगावर येते. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ चे. धरणगावच्या देशपांड्यांच्या या वाड्यात तात्याजी वारले आहेत. तेराव्याला गाव जेवू घालायचे तर पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न आहे. आतिथ्य ही वाड्याची प्रतिष्ठा, आणि तेच त्याला बुडवीत आहे. शिकू न दिलेली प्रभा त्याच घरात कुढते आहे. या नाटकाचे मोठेपण असे की, एलकुंचवारांना वाड्याविषयी ममत्व आहे आणि तरीही ते त्याला वाचवीत नाहीत. वाड्याच्या आठवणी लिहिणाऱ्या प्रत्येकाने लेखणी उचलण्यापूर्वी हे नाटक एकदा वाचावे. त्यात खंत आहे, पण त्या खंतीमागे हिशेबही आहे.

आता आजच्या घराकडे येऊ. वाडे गेले, बरेचसे आपणच विकले. सदनिकेतील 'हॉल' ही एकच खोली ओसरी, सोपा, दिवाणखाना आणि माजघर या चौघांचे काम करते. ती रचताना दोन गोष्टी घडल्या. एक अनिष्ट. दूरदर्शन संच आल्यावर, विशेषतः १९८७-८८ मधील 'रामायण' आणि त्यामागोमाग आलेल्या 'महाभारता'च्या दिवसांत, बैठकीने आपली तोंडे एका भिंतीकडे वळविली. पूर्वीचे तक्क्ये समोरासमोर असत. आता सगळे एका ओळीत बसतात, आणि हाती मोबाइल आल्यापासून तर ती भिंतही सर्वांची राहिली नाही. शेजारी बसलेल्या माणसाचे तोंड दिसत नसेल तर बोलणे होत नाही, आणि बोलणे होत नसेल तर मुलांच्या कानांवर भाषा पडणार कशी? ज्या घराबाहेर मराठी नाही त्या घरात ही अडचण दुप्पट होते.

दुसरी गोष्ट इष्ट घडली, आणि तिच्याविषयी आपल्या लेखनात चकार शब्द येत नाही. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधली भिंत अनेक घरांतून गेली. जागेच्या टंचाईने आणि नव्या चालीने ती पाडली हे खरे. परिणाम मात्र असा झाला की, चहा करणारी व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, गप्पांच्या बाहेर राहत नाही. शंभर वर्षांच्या सुधारणेच्या व्याख्यानांनी जे पुरते साधले नाही ते एका कमी झालेल्या भिंतीने थोडेबहुत साधले. माजघर पुढे आले आणि ओसरीला येऊन मिळाले. वाड्याच्या आठवणी लिहिणारे याला ऱ्हास म्हणतात. लक्ष्मीबाईंना विचारले असते, तर त्या काय म्हणाल्या असत्या याचा विचार व्हावा.

तेव्हा नवे घर मांडताना आपण काय राखायचे? कोरीव खांब आणि पितळी कड्या जमल्या तर ठेवाव्यात, पण तेवढ्याने ओसरी परत येत नाही. बैठक समोरासमोर असावी. तिच्यात मुलांना जमिनीवर पसरायला जागा असावी, कारण मोठ्यांचे बोलणे मुले खेळता खेळताच ऐकतात. पुस्तकांचे कपाट दाखविण्याच्या उंचीवर नव्हे, तर मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर असावे. आणि पाहुणा आला असता घरातील कोणी उभे राहत नाही ना, हे पाहावे.

लेखकांकडे मागणी याहून सोपी आहे. ओसरीच्या आठवणी पुष्कळ झाल्या. आपापल्या घरांत ऐंशी-नव्वदीच्या ज्या आजी, आत्या, मावश्या आहेत, त्यांना माजघराविषयी विचारावे. मंगळागौरीला किती जणी जमत, कोठे निजत, कोणती गाणी मराठी राहिली आणि कोणत्या गाण्यांत हिंदी-गुजराती शब्द शिरले, पाहुणे गेल्यावर त्या जेवत कधी, हे त्यांच्या शब्दांत उतरवून घ्यावे. वाडा पडला तरी त्याचे फोटो उरतात आणि कागदपत्रेही उरतात. माजघराचे दस्तऐवज कोणी केलेच नाहीत. ते या बायांच्या तोंडीच आहेत, आणि फार दिवस असणार नाहीत.