अनामिक रेषा आणि संग्राहकाची स्वाक्षरी
कार्ल बार्क्स (१९०१–२०००) यांनी १९४२ ते १९६६ या काळात डोनाल्ड डकच्या शेकडो चित्रकथा रेखाटल्या व बहुतांशी स्वतःच लिहिल्या. अंकांवर नाव मात्र वॉल्ट डिस्ने यांचे असे. १९४७ साली अवतरलेला अंकल स्क्रूज हीही बार्क्स यांचीच निर्मिती होय. तथापि काही चिकित्सक वाचकांनी केवळ रेषेवरून व कथनाच्या वळणावरून हा हात निराळा ओळखला, त्यास ‘चांगला बदक-चित्रकार’ म्हटले, आणि १९६० च्या सुमारास त्याचा शोध लावला. कर्तृत्वनिर्णयाचा इतका निर्मळ प्रयोग विद्यापीठांतूनही क्वचितच आढळतो!

आज संग्राहकांची ओढ दिसते ती स्वाक्षरीकडे. १९७१ नंतर बार्क्स यांनी बदकांची तैलचित्रे रंगविली, पुढे स्वाक्षरीयुक्त शिलामुद्रितेही निघाली. ती देखणी आहेत. परंतु त्यांत कथा थिजलेली आहे. खरी कला दहा सेंटांच्या त्या निनावी अंकांतच आहे. मूळ रेखाटने बहुतेक नष्ट झाल्यामुळे छापील अंक हाच अभ्यासकाचा मुख्य पुरावा उरतो. संग्राहकांनी तो जपला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र श्रेणी ठरवून प्लास्टिकच्या पेटीत कायमची बंद केलेली प्रत उघडताच ती श्रेणी रद्द होते. १९६० च्या वाचकांनी अंक उघडून, शेजारी शेजारी ठेवून ताडले होते.